टायर-रस्ता ध्वनी : मापन व प्रतिरूपण (नांदेड-लातूर परिसर)

धावत्या वाहनाचा टायर आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांच्या स्पर्शातून निघणारा आवाज. मोटारीचा वेग ताशी सुमारे ४०-५० किमी.च्या वर गेला की हा आवाज इंजिनाच्या आवाजाला मागे टाकतो. मालमोटारीत ही वेळ बऱ्याच जास्त वेगाला येते. शहरातल्या चौकात तो वेगळा ऐकूच येत नाही, कारण तिथे हॉर्न आणि फोडलेल्या सायलेन्सरांचे राज्य असते. तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ करत बुटीबोरीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चाकूर, अहमदपूर, लोहा ही गावे मागे टाकून मोकळ्या रानात शिरतो, तेव्हा शेतातल्या माणसाला ऐकू येणारी सलग घरघर मुख्यतः टायरची असते.

नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटून टायर थरथरतो, खाचांत दाबलेली हवा झटक्याने बाहेर पडते आणि टायर व रस्ता यांच्यामधली निमुळती फट कर्ण्याप्रमाणे आवाज वाढवते. मोटारीच्या टायरच्या आवाजाचा जोर १,००० हर्ट्झच्या आसपास असतो. कान तिथेही बराच तिखट. मराठवाड्यातली खडी काळ्या बेसाल्टची, पण आवाजाच्या दृष्टीने दगडाच्या जातीपेक्षा खडीचा आकार महत्त्वाचा. मोठी खडी उघडी पडलेला जुना डांबरी रस्ता जास्त गरजतो, बारीक खडीचा नवा थर कमी. काँक्रीटवर पकडीसाठी ओढलेल्या आडव्या रेघा समान अंतरावर असल्या तर एकसुरी शीळ उठते. सच्छिद्र डांबरी थर युरोपात आवाज शोषण्यासाठी वापरतात. इथे पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येणारी काळी माती त्याची छिद्रे बुजवील, त्यामुळे तो उपाय इथे सुचवणे धाडसाचेच.

मापनाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. आयएसओ ११८१९-१ प्रमाणे मार्गिकेच्या मध्यापासून ७.५ मी. अंतरावर, १.२ मी. उंचीवर मायक्रोफोन ठेवून जाणाऱ्या एकेका वाहनाचा कमाल आवाज व वेग नोंदवतात. यासाठी वाहन एकटे मिळावे लागते. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांची रांग लागली की हे काम जवळपास थांबते. दुसऱ्या पद्धतीत (आयएसओ ११८१९-२) मायक्रोफोन चाकाशेजारीच बसवलेले असतात, त्यामुळे धावता धावता मैलोन्‌मैल रस्ता तपासता येतो. मात्र रस्त्याकडेच्या घरात काय ऐकू येते ते त्यातून थेट कळत नाही. खुद्द टायरच्या आवाजाची मर्यादा भारतात एआयएस-१४२ या मानकाने घातली असून त्याची अधिसूचना २०२२ मध्ये निघाली.

प्रतिरूपणात युरोपीय संघाची ‘क्नोसॉस’ पद्धती टायरचा आणि इंजिनाचा आवाज वेगवेगळा मोजते. टायरचा आवाज वेगाच्या लॉगरिदमनुसार चढतो : वेग दुप्पट झाला तर मोटारीच्या टायरमध्ये सुमारे ९ डेसिबलची भर, वाहनांची संख्या दुप्पट झाली तर फक्त ३. गावाबाहेरच्या वळणरस्त्यावर (बायपास) म्हणूनच गर्दीपेक्षा वेग जास्त महत्त्वाचा ठरतो. ही पद्धती २० अंश सेल्सियस धरून बांधलेली आहे आणि पुढच्या प्रत्येक अंशाला मोटारीसाठी सुमारे ०.०८ डेसिबल वजा करते. म्हणजे मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी दीड डेसिबलहून थोडी जास्त घट. दुचाकीच्या टायरचा आवाज ती जमेस धरत नाही, ऑटोरिक्षा आणि उसाची ट्रॉली यांना तिच्यात स्वतंत्र वर्ग नाही आणि हॉर्न तर गणितातच नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने मात्र आपल्या वाहतूक-ध्वनी अभ्यासांत हॉर्न वेगळा विचारात घेतला. परदेशी गुणांक जसेच्या तसे घालून लातूरचा ध्वनी नकाशा काढला तर तो देखणा होईल, विश्वासार्ह नव्हे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात ती प्रत्येकी ५ डेसिबलने कमी. ही मर्यादा एकूण आवाजाची आहे. त्यात टायरचा वाटा किती, हे नियम विचारत नाही.