पडणारच असलेल्या कमानींची राखण: यूटातील वालुकाश्माच्या वाटांचा इतिहास

१/१९
सह्याद्रीत भटकणाऱ्यांना 'नेढे' हा शब्द नवा नाही. राजगडाच्या सुवेळा माचीवरचे किंवा रतनगडाच्या माथ्यावरचे नेढे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना कातळाच्या आरपार येणारा तो वाराही आठवत असेल. आपला कातळ अग्निजन्य, बेसाल्टचा. अमेरिकेतील यूटा राज्यात, मोआब गावाच्या उत्तरेस, वालुकाश्माचा एक प्रदेश आहे. तेथे अशी दोन हजारांहून अधिक नेढी नोंदली गेली आहेत. आजचा धागा त्या कमानींचा, त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटांचा आणि एका अवघड प्रश्नाचा: जे एक दिवस कोसळणारच आहे, त्याची राखण म्हणजे नेमके काय?

२/१९
आरंभ मिठापासून करावा लागतो. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी या भागात समुद्र वारंवार शिरत व आटत राहिला आणि मागे मिठाचे थर साचले. काही ठिकाणी ते हजारो फूट जाडीचे झाले. पुढे त्यांवर गाळ आणि वाळू येऊन पडली. जुरासिक काळातील 'एंट्राडा' नावाचा लालसर वालुकाश्म हा त्याच साठ्यातला. बहुतेक प्रसिद्ध कमानी याच दगडात आहेत.

३/१९
मीठ प्रचंड दाबाखाली घट्ट राहत नाही. मळलेल्या कणकेसारखे सरकते, फुगते. त्याच्या फुगवट्याने वरचा खडक उचलला गेला आणि त्यात एकमेकींना समांतर अशा भेगा पडल्या. भेगा रुंदावल्या, मधला खडक झिजला आणि उरल्या त्या उंच, अरुंद कातळभिंती. पावसाचे पाणी वाळूचे कण जोडून ठेवणारा चुना विरघळवते. हिवाळ्यात भेगांतील पाणी गोठून प्रसरण पावते आणि खपल्या उडवते. भिंतीच्या पोटात आधी पोकळी होते, मग आरपार भोक. भोक कोणत्याही एका दिशेने किमान तीन फूट असल्याशिवाय येथे त्याची गणना कमान म्हणून होत नाही.

४/१९
आता वाटेला लागू. या प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध पायवाट 'डेलिकेट आर्च'कडे जाते. जाऊन-येऊन सुमारे तीन मैल, म्हणजे पाच किलोमीटरांच्या आसपास. सावली जवळजवळ नाही. आरंभी एक लाकडी खोपटे, मग ओढ्यावरचा पूल, मग कातळावरची कोरीव चित्रे, त्यानंतर उघड्या खडकाचा लांबलचक चढ आणि शेवटी कड्याच्या अंगाने जाणारी अरुंद वाट. या क्रमाने चालत गेले, तर इतिहासाची पानेही आपोआप उलगडत जातात.

५/१९
ते खोपटे जॉन वेस्ली वुल्फ यांचे. अमेरिकन यादवी युद्धात लढलेला, पायाला जखम झालेला हा ओहायोचा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलाला घेऊन येथे आला आणि ओढ्याच्या पाण्याच्या भरवशावर गुरे पाळू लागला. १९०६ मध्ये मुलगी आणि जावई राहायला आल्यावर आज दिसते ते खोपटे उभे राहिले. १९१० मध्ये कुटुंब ओहायोला परतले. जगभरचे लोक जी कमान पाहण्यासाठी येतात, तिच्यापासून दीड मैलावर एक संसार इतकी वर्षे चालला होता, आणि त्या संसाराची मुख्य चिंता होती गुरांच्या चाऱ्यापाण्याची.

६/१९
खोपट्यापासून थोड्याच अंतरावर युट लोकांची कातळचित्रे आहेत. त्यांत घोड्यांवरचे स्वार आणि मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या दिसतात. घोडा हाच येथे काळाचा साक्षीदार. स्पॅनिश वसाहतींमार्फत या भागातील मूलनिवासींच्या हाती घोडे आले, त्याआधी हे चित्र कोरले जाणे शक्य नाही. म्हणून त्याचा काळ साधारण १६५० ते १८५० असा मानला जातो. तारीख न लिहिताही एखादे चित्र आपली तारीख सांगते, ते असे.

७/१९
तारीख लिहून गेलेलेही आहेत. डेनिस ज्युलियन हा फर व्यापारी या प्रदेशात हिंडताना ठिकठिकाणी आपले नाव कोरत असे. येथील एका कातळभिंतीवर त्याचे नाव आणि ९ जून १८४४ हा दिवस कोरलेला आहे. पुढे १८५५ मध्ये मॉर्मन पंथीयांनी आजच्या मोआबजवळ वसाहतीचा प्रयत्न केला. युट लोकांशी संघर्ष होऊन तो काही महिन्यांतच सोडून द्यावा लागला. कायमची वस्ती झाली ती १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून, आणि त्याच सुमारास युटांना राखीव प्रदेशांत ढकलण्यात आले. 'निर्जन' म्हणून पुढे प्रसिद्धी पावलेला हा प्रदेश मुळात निर्जन नव्हता. तो निर्जन केला गेला.

८/१९
कमानींची कीर्ती बाहेर पोहोचली ती एका खाणशोधकामुळे. अलेक्झांडर रिंगहोफर हा जन्माने हंगेरियन. १९२० च्या दशकाच्या आरंभी या खडकांत हिंडताना त्याने एक भाग पाहिला, त्याला 'डेव्हिल्स गार्डन', म्हणजे सैतानाची बाग, असे नाव दिले आणि डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीला कळवले. कंपनीचे प्रवासी वाहतूक अधिकारी फ्रँक वॉडली १९२३ मध्ये छायाचित्रकारासह तेथे जाऊन आले. पर्यटक म्हणजे तिकिटे, हा हिशेब उघड होता. तरीही वॉडली यांनी राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक स्टीफन मॅथर यांना हा प्रदेश संरक्षित करावा असे सुचवले.

९/१९
येथून गोंधळाला सुरुवात झाली. मोआबचे डॉक्टर जे. डब्ल्यू. विल्यम्स आणि तरुण भूशास्त्रज्ञ लॉरेन्स गूल्ड यांनीही या खडकांचा पुरस्कार केला, पण त्यांच्या डोळ्यांसमोरचा भाग वेगळा होता: 'द विंडोज'. सरकारी पाहणी करणाऱ्यांना नेमकी जागा कोणती, हेच नीट उमगेना. या घोळात 'डेव्हिल्स गार्डन' हे नाव दरीच्या दुसऱ्या बाजूच्या खडकांना चिकटले. रिंगहोफरने पाहिलेल्या मूळ भागाला आज 'क्लोंडाइक ब्लफ्स' म्हणतात.

१०/१९
राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांच्या काळात गृहमंत्री ह्युबर्ट वर्क यांनी प्रस्तावाला दाद दिली नाही. (अमेरिकेत या खात्याकडे पोलीस नसून सार्वजनिक जमिनी असतात.) अखेर १२ एप्रिल १९२९ रोजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी 'आर्चेस राष्ट्रीय स्मारक' घोषित केले. त्यासाठी आधार होता १९०६ च्या पुरातन वास्तू कायद्याचा: राष्ट्रीय उद्यानासाठी संसदेचा कायदा लागतो, स्मारकासाठी राष्ट्राध्यक्षांची घोषणा पुरते.

११/१९
घोषणेत काय बसले? साडेचार हजार एकरांच्या आसपास, तेही दोन वेगळ्या तुकड्यांत. रिंगहोफरचा मूळ भाग त्यात नव्हता. आणि आज ज्या कमानीचे चित्र यूटाच्या वाहनांच्या क्रमांकपट्टीवर असते, जिच्याखालून फेब्रुवारी २००२ मध्ये हिवाळी ऑलिंपिकची ज्योत नेण्यात आली, ती डेलिकेट आर्चही नव्हती. तिचा समावेश झाला १९३८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी स्मारकाचा विस्तार केला तेव्हा. संरक्षित क्षेत्राच्या सीमा निसर्ग आखत नाही. त्या कागदावर आखल्या जातात, आणि कागदावर चुका होतात.

१२/१९
या कमानीचे नावही उशिराचे. आसपासचे गुराखी तिला 'शाळामास्तरणीची चड्डी' अशा अर्थाच्या थट्टेच्या नावांनी ओळखत. महामंदीच्या काळात, १९३३-३४ च्या हिवाळ्यात, बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेच्या पैशातून येथे एक शास्त्रीय मोहीम निघाली. तिचे प्रमुख होते फ्रँक बेकविथ, एका लहान गावातील वृत्तपत्राचे संपादक. त्यांनी आपल्या वृत्तान्तात तिच्या नाजूक घडणीचे वर्णन केले आणि 'डेलिकेट' हे विशेषण कायमचे रूढ झाले. थट्टेच्या नावाने ओळखली जाणारी कमान एका शब्दाने राज्याचे प्रतीक होण्याच्या वाटेला लागली.

१३/१९
पण 'नाजूक' म्हटले की काळजी आलीच. कमानीचा एक पाय मध्येच कमालीचा बारीक आहे. १९५० च्या दशकात उद्यान सेवेने एका उपायाची चाचपणी केली: दगडावर पारदर्शक प्लॅस्टिकचा लेप द्यावा काय, म्हणजे झीज थांबेल? विचार पुढे सोडून देण्यात आला. तो व्यवहार्य नव्हताच. शिवाय सेवेच्या तत्त्वांत बसणाराही नव्हता. जिने दगड कोरला ती झीजच थांबवायची, तर आपण राखणार तरी काय? लेप दिलेली कमान म्हणजे कमानीची प्रतिकृतीच.

१४/१९
झीज फक्त मोडत नाही, घडवतेही. नोव्हेंबर १९४० मध्ये 'स्कायलाईन आर्च'मधून एक प्रचंड शिळा निखळली आणि कमानीचे भोक एका क्षणात जवळपास दुप्पट झाले. तेव्हा कोणी ती शिळा लेप लावून, सळया ठोकून जागच्या जागी धरली असती, तर आजची स्कायलाईन आर्च आपल्याला दिसली नसती. वाळूचा एकेक कण सुटत राहतो, आणि मध्येच कधीतरी असा एक दिवस उगवतो.

१५/१९
दुसरा वाद रस्त्याचा. एडवर्ड ॲबी यांनी १९५६ आणि १९५७ च्या हंगामांत येथे रेंजर म्हणून काम केले. तेव्हा आत जाण्यास कच्चा रस्ता होता. १९५८ मध्ये डांबरी झाला. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डेझर्ट सॉलिटेअर' या पुस्तकात त्यांनी मोटारीतून न उतरता निसर्ग 'पाहण्याच्या' पर्यटनावर कठोर टीका केली. त्यांचा आग्रह टोकाचा वाटू शकतो, कारण वृद्ध किंवा अपंग व्यक्तीसाठी रस्ता हीच वाट असते. डेलिकेट आर्च दुरून दाखवणारी दर्शनस्थळे आज आहेत ती म्हणूनच. तीन वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९७१ रोजी, आर्चेस राष्ट्रीय उद्यान झाले.

१६/१९
१ सप्टेंबर १९९१. 'लँडस्केप आर्च'खाली काही पर्यटक विसावले होते. सुमारे ३०० फूट पल्ल्याची ही कमान जगातील सर्वांत लांब नैसर्गिक कमानींपैकी एक, आणि मधोमध फितीसारखी बारीक. वरून कडकड आवाज येऊ लागला तसे लोक दूर पळाले. पाठोपाठ ६० फूट लांबीची शिळा खाली आली. १९९५ मध्ये आणखी पडझड झाली. कमानीखालून जाणारी वाट बंद करण्यात आली, ती आजही बंदच आहे. ४ ऑगस्ट २००८ च्या रात्री त्याच परिसरातील 'वॉल आर्च' संपूर्ण कोसळली. सकाळी वाटेवर दगडांचा ढीग होता. पडताना पाहणारे कोणी नव्हते.

१७/१९
वॉल आर्च पुन्हा उभारावी असा विचार झाला नाही, आणि ते योग्यच होते. संशोधक आता कमानींवर संवेदक ठेवून त्यांची सूक्ष्म कंपने मोजतात. वारा, दूरचे भूकंप, वाहतूक यांमुळे प्रत्येक कमान सतत अतिशय हळू थरथरत असते, आणि त्या थरथरीतील बदल दगडाच्या आतील भेगांची चाहूल देऊ शकतो. हे रोग्याची नाडी पाहण्यासारखे आहे, आणि नाडी पाहणाऱ्याने येथे औषध न देण्याचे ठरवले आहे.

१८/१९
मात्र एक झीज थांबवता येते: माणसाची. २००६ मध्ये एका गिर्यारोहकाने डेलिकेट आर्चवर चढाई केली; त्यानंतर नावे असलेल्या कमानींवर चढण्याचे नियम अधिक कडक झाले. २०१६ मध्ये वाटेवरच्या 'फ्रेम आर्च'वर कोणीतरी खोलवर नावे कोरली. वाट सोडून टाकलेले पाऊल तेथील जमिनीवरची सूक्ष्मजीवांची काळसर खपली मोडते, आणि ती पुन्हा धरायला अनेक वर्षे लागतात. २०२१ मध्ये पर्यटकांची संख्या १८ लाखांवर गेली. २०२२ पासून काही हंगाम प्रवेशाची वेळ आगाऊ आरक्षित करण्याची पद्धत राबवण्यात आली.

१९/१९
ज्युलियनने १८४४ साली कोरलेले नाव आपण ऐतिहासिक पुरावा म्हणून जपतो आणि २०१६ च्या नावांना विद्रूपीकरण म्हणतो. हा दुटप्पीपणा आहे काय? मला तसे वाटत नाही. ज्युलियनच्या वेळी हा खडक जपायचा आहे असे कोणी ठरवले नव्हते. १९२९ मध्ये ते ठरले, आणि त्यानंतर येथे येणारा प्रत्येक जण त्या निर्णयाला बांधलेला आहे. कमानी पडतील, त्यांचे पडणे निसर्गाच्या हिशेबातले आहे. आपल्या हातून त्यात भर पडू नये, एवढीच राखण आपल्या वाट्याला आली आहे. पुढच्या वेळी सुवेळा माचीच्या नेढ्यात बसाल आणि शेजारच्या कातळावर कोणाचे नाव दिसेल, तेव्हा हा धागा आठवावा.