दरोडेखोर, रझाकार, स्वातंत्र्यसैनिक : बंडखोराला नाव कोण देतं?

आज तीन शब्दांबद्दल बोलायचं आहे. तिन्ही आपल्या बीड जिल्ह्यात वापरून गुळगुळीत झालेले आहेत.

पहिला शब्द, दरोडेखोर. १९४७-४८ मध्ये बीड निझामाच्या राज्यात होतं आणि शेजारचा नगर जिल्हा स्वतंत्र भारतात. सरहद्दीपलीकडे स्टेट काँग्रेसची शिबिरं होती. तिथून तरुण रात्री यायचे, करोडगिरीचे नाके जाळायचे, पोलीस ठाण्यांवर हल्ले करायचे. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड भागातल्या उमरीची बँक लुटली गेली, तीही लढ्याच्या पैशासाठी. निझाम सरकारच्या लेखी हे सगळे लुटारू. आणि या लढ्याचे नेते कोण, तर स्वामी रामानंद तीर्थ. एकेकाळी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवणारे संन्यासी.

दुसरा शब्द, रझाकार. मूळ अर्थ काय? स्वयंसेवक! लातूरचा वकील कासिम रझवी याच्या संघटनेनं हे नाव घेतलं आणि गावोगाव असे अत्याचार केले की आज आपल्याकडे ती शिवी आहे. २०१५ च्या मराठी आणि २०२४ च्या तेलुगू चित्रपटाचं नावच 'रझाकार'. खलनायक कोण, हे तिकीट काढण्याआधीच ठरलेलं.

पण गडबड इथंच होते. रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार, असं समीकरण डोक्यात बसलं. मग 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान कुठं बसवायचे? निझामानं भारतात सामील व्हावं असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा हैदराबादच्या रस्त्यावर खून झाला. ते मुसलमानच होते. आणि सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर जे झालं त्याचं काय? पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. मेलेले बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचा उस्मानाबाद होता. त्यातल्या किती जणांनी कधी हत्यार हातात धरलं असेल? एका शब्दानं माणूस मारणं सोपं केलं. तो अहवाल सरकारनं प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशकं तो लोकांपर्यंत पोचलाच नाही.

तिसरा शब्द, स्वातंत्र्यसैनिक. कालचा दरोडेखोर आज सन्मानाचा धनी झाला, आणि ते योग्यच होतं. १९७२ पासून केंद्राचं निवृत्तिवेतन आलं. पण भूमिगत माणूस कागद कसा ठेवणार? कागद सापडला तर फासच! म्हणून तुरुंगात गेलेल्या सहकाऱ्याचं प्रमाणपत्र ग्राह्य धरलं गेलं. माणसाच्या शब्दावर चाललेला लढा माणसाच्या शब्दावरच सिद्ध करायचा होता. पुढं त्याचाच बाजार झाला. बीडच्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांची चौकशी निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्याकडे गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि २००५ मध्ये त्यावर निकाल आला. यात खरा तोटा कुणाचा झाला? ज्यानं खरोखर नाका जाळला होता त्याचा. त्याच्याकडेही लोक संशयानं बघू लागले.

तेलंगणातल्या शेतकरी बंडखोरांकडे बघा. निझामाशी लढले तेव्हा ते वीर. तीच बंदूक १९५१ पर्यंत खाली ठेवली नाही, तेव्हा भारत सरकारच्या लेखी गुन्हेगार. १९७९ च्या 'मा भूमी' चित्रपटानं त्यांना पुन्हा नायक केलं. माणसं तीच, बंदूकही तीच. फक्त सत्ता बदलली.

मग सगळे सारखेच, असं म्हणायचं का? मुळीच नाही. कुणी जुलमाविरुद्ध उठलं आणि कुणी जुलूम केला, हा फरक राहतोच. पण तो फरक नावावरून ठरत नाही. त्या माणसानं त्या रात्री, त्या गावात काय केलं यावरून ठरतो. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला जाल, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना एवढंच विचारा : नाक्यावर कोण गेलं होतं, आणि नंतर वस्ती जळाली तेव्हा कुणाला कुणी घरात लपवलं? दोन्ही उत्तरं लिहून ठेवा. सांगणारे आता फार उरलेले नाहीत.