बनेश्वरची घंटा : आपली श्रद्धा आणि शेजाऱ्याची श्रद्धा

पुणे-सातारा महामार्गावरील चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागले की लगेच नसरापूर हे गाव येते. गाव भोर तालुक्यातील. पुढे हाच रस्ता राजगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या मुलखात जातो. (वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली, जुन्या सवयीने आम्ही वेल्हे असेच म्हणत आहोत.) नसरापूरच्या शेजारी दाट झाडीत बनेश्वर हे शिवालय आहे. नानासाहेब पेशव्यांनी ते १७४९ साली बांधविले. या देवळात एक मोठी घंटा आहे. तिच्यावर क्रूसाचे चिन्ह असून १६८३ हे साल कोरलेले आहे. म्हणजे देवळापेक्षा घंटा सहासष्ट वर्षांनी जुनी आहे.

बनेश्वरला सहलीसाठी जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना ही घंटा पाहून सहसा तीन प्रश्न पडतात. क्रूसाची खूण असलेली घंटा महादेवाच्या देवळात कशी? ती आपली असेल तर परत मागावी काय? आणि तिच्यासमोर उभे राहून आपण नेमके काय करावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. उरलेल्या दोहोंची उत्तरे मात्र आपण स्वतःची श्रद्धा कशी धरतो आणि दुसऱ्याच्या श्रद्धेकडे कसे पाहतो, यावर अवलंबून आहेत.

वसईहून देशावर

थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला. वसई, साष्टी आणि आसपासच्या प्रदेशातील चर्चच्या अनेक घंटा तेव्हा विजयचिन्हे म्हणून देशावर आणण्यात आल्या आणि निरनिराळ्या देवस्थानांना अर्पण करण्यात आल्या. बनेश्वरची घंटा त्यांपैकीच एक. भीमाशंकर येथे अशी घंटा आहे. वाईजवळील मेणवली येथे, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची प्रतिमा व १७०७ हे साल आहे. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातही एक आहे. नाशिकला गोदाकाठच्या रामेश्वराच्या देवळातील घंटेवर १७२१ साल असून, ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून ती मराठी भाषेतच जाऊन बसली आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण सहज तसे म्हणतो; ती घंटा मुळात मिस्सेला बोलावण्यासाठी ओतली गेली होती हे मात्र म्हणणाऱ्याच्या गावीही नसते.

या घंटा कोणी आणि का नेल्या, हे सांगताना वसईच्या ख्रिस्ती वाचकाला थोडे दुखते, हे आम्ही जाणतो. ज्या घंटेने आपल्या पूर्वजांना बाप्तिस्म्यासाठी आणि अंत्यविधीसाठी बोलावले, ती युद्धाची लूट म्हणून घाट चढून गेली. या दुःखाला खोटे म्हणण्याचे कारण नाही. परंतु इतिहास एवढ्यावर थांबत नाही. वसईच्या शरणागतीच्या कलमांत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती जनांस आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा ठेवण्यात आली होती. पोर्तुगीज सत्ता गेली तरी वसईची ख्रिस्तसभा टिकली. १९९८ साली तिथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, तो याच जुन्या समाजाच्या भूमीवर.

आपल्या बाजूची नोंद

दुसऱ्याने आपल्याकडून काय नेले याचा हिशेब मांडताना आपल्या बाजूने काय घडले, तेही त्याच वहीत लिहिले पाहिजे. सोळाव्या शतकात गोव्याच्या तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या भागांत पोर्तुगीज सत्तेने हिंदूंची देवळे पाडली. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली झुआरी नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. या दैवतांचे भक्त रात्रीच्या अंधारात आपले देव घेऊन नदी ओलांडत होते. वसई भागातही देवळांची हानी झाली. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत वज्रेश्वरी देवीला नवस बोलला गेला होता, आणि विजयानंतर तिचे देऊळ उभे राहिले, ही परंपरा त्या भागात आजही सांगितली जाते. त्या नवसामागे हा इतिहास आहे.

राज्यकर्ते पोर्तुगीज होते, आपण नव्हतो, असे म्हणून मोकळे होता येईल. पण क्रूसाचे नाव तिथे घेतले गेले होते. जयंती वर्षात, १२ मार्च २००० रोजी, पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनी रोम येथील संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या पुत्रांनी केलेल्या पापांची कबुली देऊन देवाजवळ क्षमा मागितली. त्यात अन्य लोकांच्या संस्कृती व धर्म यांच्याविरुद्ध झालेल्या अपराधांचा उल्लेख होता. ही कबुली आपल्याही वतीने होती.

घंटा परत मागण्याच्या प्रश्नावर स्पेनमधील एक घटना उद्बोधक आहे. इ. स. ९९७ मध्ये अल्मन्सूर या मुसलमान सेनापतीने सांतियागो दे कोंपोस्तेला हे तीर्थस्थान लुटले आणि संत याकोबाच्या मंदिरातील घंटा कोर्दोबाच्या मशिदीत नेल्या. तेथे त्यांचे दिवे करण्यात आले. १२३६ साली तिसरा फर्डिनांड या ख्रिस्ती राजाने कोर्दोबा जिंकले आणि त्या घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावर वाहवून परत नेल्या. दोनशे एकोणचाळीस वर्षांनी हिशेब चुकता झाला. आणि कोर्दोब्याच्या मशिदीचे चर्च झाले. घंटा परत आल्या, एवढ्याने त्या दोन समाजांत सलोखा झाला असे कोणी म्हणू शकणार नाही.

आमचे मत स्पष्ट आहे: बनेश्वरची घंटा बनेश्वरलाच राहावी. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम ११७१ असे सांगते की, उपासनेसाठी आशीर्वादित केलेल्या वस्तूंशी आदराने वागावे व त्यांचा अनुचित वा ऐहिक वापर करू नये. ही घंटा कोणाच्या दिवाणखान्याची शोभा झालेली नाही, भंगारातही गेलेली नाही. ती पावणेतीनशे वर्षे उपासनेच्या स्थळी आहे, आणि विशेष म्हणजे तिच्यावरचा क्रूस कोणी खरवडून काढलेला नाही. ही दुसरी गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. मात्र तिचे मूळ लपवू नये. मुलांनी विचारले तर ती वसईकडच्या चर्चमधून आली, असे सरळ सांगावे. त्यात देवस्थानाचाही अपमान नाही.

राजगडाची साक्ष आणि पुण्याचे चर्च

नसरापूरहून पुढे गेल्यावर दिसणारा राजगड हा शिवछत्रपतींच्या राज्याची दीर्घकाळ राजधानी होता. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली आणि ती लूट राजगडावर आली. त्या वेळी फादर अँब्रोज या कापुचिन संन्याशाच्या मठाला महाराजांच्या सैन्याने हात लावला नाही, असे फ्रेंच वैद्य व प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे. खाफीखान हा मोगल इतिहासकार महाराजांचा मुळीच चाहता नव्हता. तोही लिहितो की, मोहिमेत कुराणाची प्रत हाती लागल्यास ती आदराने ठेवून एखाद्या मुसलमानाच्या स्वाधीन करावी, असा महाराजांचा दंडक होता. रायरेश्वरावर, भोर तालुक्यातीलच त्या डोंगरावर, महाराजांनी महादेवासमोर स्वराज्याची शपथ घेतली असे परंपरा सांगते. स्वतःच्या देवावर गाढ निष्ठा असलेला राजा दुसऱ्याच्या ग्रंथाला जपतो, यात आम्हांला विसंगती दिसत नाही. उलट ज्याला स्वतःची श्रद्धा मोलाची वाटते, त्यालाच दुसऱ्याची श्रद्धा त्याला किती मोलाची असेल हे कळते.

पुण्यातील उदाहरण तर आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. नाना पेठेतील अमलोद्भव मरियामातेचे मंदिर, ज्याला सर्वजण सिटी चर्च म्हणतात, ते १७९२ सालचे. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडील कॅथलिक शिपाई व अधिकारी होते. त्यांतील दों मिगेल द नोरोन्या या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने सवाई माधवराव पेशव्यांनी चर्चसाठी जागा दिली. तेव्हा कारभारी होते नाना फडणवीस, म्हणजे ज्यांच्या मेणवलीला मरियामातेची घंटा आहे तेच. ज्या घराण्याच्या काळात वसईच्या घंटा देवळांत गेल्या, त्याच घराण्याने त्रेपन्न वर्षांनी राजधानीत चर्चला जमीन दिली. पुण्याच्या ख्रिस्तसभेचा पाया त्या जमिनीवर आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा ख्रिस्तेतर धर्मांविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात हिंदू धर्माचा नावानिशी उल्लेख आहे. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही, आणि तरीही ख्रिस्त हाच मार्ग, सत्य व जीवन आहे ही घोषणा तिने करीतच राहिले पाहिजे, या दोन्ही गोष्टी तिथे एकाच परिच्छेदात आहेत. वाचणारे बहुधा यांतील एकच अर्धे वाचतात. काहींना पहिले अर्धे पुरते व ते ‘सर्व सारखेच’ म्हणून मोकळे होतात. काहींना दुसरेच दिसते व ते शेजाऱ्याच्या देवघराकडे तुच्छतेने पाहतात. त्याच वर्षी ७ डिसेंबर रोजी आलेल्या ‘दिग्नितातिस हुमाने’ या घोषणापत्राने धर्माच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती करता येणार नाही, हे मानवी प्रतिष्ठेच्या आधारे सांगितले. भारतीय संविधानाचे २५ वे कलम हेच स्वातंत्र्य आपल्याला व आपल्या शेजाऱ्याला सारखेच देते.

आदर म्हणजे फरक पुसून टाकणे नव्हे. घंटेचेच पाहा. चर्चची घंटा गावाला हाक मारते. एकजण वाजवितो आणि सर्व ऐकतात. सकाळी, दुपारी व सायंकाळी देवदूताच्या प्रार्थनेसाठी ती वाजते, घरातील कोणी गेले तर तीच संथ ठोके देते. जुन्या विधीत महागुरुस्वामी घंटेला पवित्र पाण्याने धुऊन, तेलाचा अभ्यंग करून तिला संताचे नाव देत, म्हणून लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. देवळातील घंटा प्रत्येक भक्त आपल्या हाताने वाजवितो. दर्शनाला आल्याची वर्दी तो देवाला देतो. धातू तोच, नादही तोच, पण प्रार्थनेची रीत वेगळी. बनेश्वरला हे दोन्ही अर्थ एकाच घंटेत आले आहेत.

तेथे व गडावर कसे वागावे

यास्तव तिसऱ्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. बनेश्वरला गेल्यास पादत्राणे बाहेर काढावीत, गाभाऱ्याचे जे नियम असतील ते पाळावेत. घंटा गंमत म्हणून वाजवू नये, कारण तेथील भक्तांसाठी ती प्रार्थना आहे. तिच्यासमोर मेणबत्ती लावणे, हार घालणे किंवा मोठ्याने प्रार्थना म्हणणे हेही करू नये. ते आपल्या हक्काचे प्रदर्शन ठरेल. तिच्या नादावर ज्यांनी गुडघे टेकले, त्या पूर्वजांसाठी मनातल्या मनात ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणण्यास कोणाची हरकत असणार?

प्रसादाविषयी नेहमी विचारले जाते. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवे व दहावे अध्याय याच अडचणीविषयी आहेत, ते मुळातून वाचावेत. मूर्ती म्हणजे काही नव्हे हे ज्ञान पौलाला पुरेसे वाटत नाही. आपल्या वागण्याने कोणाच्या सद्‌सद्विवेकाला ठेच लागते का, हे तो आधी पाहावयास सांगतो. दुसऱ्याच्या पूजाविधीत सहभागी होणे आणि शेजारणीने प्रेमाने दारात आणून दिलेली वाटी स्वीकारणे, या एकच गोष्टी नव्हेत. ज्याचे मन कचरते त्याने खाऊ नये, पण वाटी दोन्ही हातांनी घ्यावी आणि प्रसाद टाकून तर मुळीच देऊ नये.

आपल्या धर्मग्रामांतील तरुण राजगड-तोरण्याला वरचेवर जातात. राजगडावर पद्मावतीच्या आणि तोरण्यावर मेंगाईच्या देवळात गिर्यारोहक वर्षानुवर्षे आसरा घेत आले आहेत. पावसात अंग टेकायला मिळालेली ती जागा कोणाची तरी कुलदेवता आहे, हे विसरून तिथे मांसाहार, मद्य वा रात्रभर दंगा करणे आम्हांला अक्षम्य वाटते. आपल्या चर्चमध्ये कोणी तसे केले असते तर?

भोरहून ज्या मांढरदेवीच्या डोंगराकडे रस्ता जातो, तेथे २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी व आग यांत जवळजवळ तीनशे भाविक मृत्यू पावले. अशा वेळी ‘अंधश्रद्धेचे फळ’ असा शेरा काही सुशिक्षित मारतात, त्यांत आपलेही असतात. चौथ्या कृतज्ञतास्तवनात धर्मगुरू, ज्यांची श्रद्धा केवळ परमेश्वरालाच ठाऊक आहे अशा मृतांसाठीही प्रार्थना करतो. त्या डोंगरावरचे मृत आपल्या वेदीवरून वगळलेले नाहीत.

शेवटी गडावर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. दुसऱ्याच्या देवळात अत्यंत अदबीने वागणारा मुलगा त्याच रविवारी स्वतःची मिस्सा चुकवितो, असेही होते. शनिवारी सायंकाळी मिस्साबलिदानात भाग घेतल्यास रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे कलम १२४८ मध्ये नमूद आहे. पहाटेच्या गाडीने निघणाऱ्यांनी आपल्या धर्मग्रामातील शनिवारच्या मिस्सेची वेळ आधीच पाहून ठेवावी.