साउदॅम्प्टनच्या धक्क्याची कुळकथा

अमेरिकी संगीत नाटकाच्या इतिहासात जॉर्ज एम. कोहन (1878–1942) याचे नाव ब्रॉडवेशी इतके एकजीव झाले आहे की त्याच्या कलेचे मूळ न्यूयॉर्कबाहेर शोधावे, असे सहसा कोणास वाटत नाही. आईवडील व बहीण जोसी यांच्यासह ‘फोर कोहन्स’ या नावाने तो वॉडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नाच व नकला यांच्या सुट्या तुकड्यांनी भरलेल्या कार्यक्रमांत, लहानपणापासून वावरला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या घडणीतील निर्णायक धागा वडील जेरी कोहन यांनी आधी केलेल्या ‘हायबर्निकॉन’ या खेळात सापडतो.

हायबर्निया हे आयर्लंडचे लॅटिन नाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गावोगाव फिरणाऱ्या या खेळात आयर्लंडमधील स्थळे रंगवलेले लांबलचक कापड एका रुळावरून उलगडून दुसऱ्यावर गुंडाळले जाई, त्यामुळे किनारे, गावे, सरोवरे प्रेक्षकांसमोरून सरकत जात, आणि बार्नी नावाचा वाटाड्या प्रवाशांना देश दाखवतो आहे, एवढ्या कथासूत्रावर गाणी, नाच व विनोदी प्रवेश ओवले जात. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या आयरिशांना घटकाभर मायदेशी नेऊन आणणे, हे त्याचे मर्म होते.

आता कोहनचे ‘लिटल जॉनी जोन्स’ (1904) पाहावे. पहिल्या खेपेस अवघे 52 प्रयोग झालेल्या या नाटकाचा नायक, टॉड स्लोन या खऱ्या जॉकीवर बेतलेला अमेरिकी घोडेस्वार, शर्यत मुद्दाम हरल्याच्या आळामुळे साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर मागे राहतो, मायदेशी निघालेल्यांना ब्रॉडवेला नमस्कार सांगायला विनवतो, आणि जहाज दूर गेल्यावर, निर्दोषत्वाचा पुरावा हाती आल्याची खूण म्हणून, त्यावरून अग्निबाण उडताच तेच विरहाचे गाणे उल्हासाने नाचू लागतो. स्थळांची सफर, समुद्रापलीकडील देशाची ओढ आणि त्या ओढीतून उमलणारे गाणे, हे सारे हायबर्निकॉनचेच. फक्त दिशा उलटली आहे. वडिलांच्या पिढीचे ‘घर’ आयर्लंड होते, मुलाचे ब्रॉडवे झाले.

याविरुद्धचा प्रबळ पक्ष कोहनला नाटककार एडवर्ड हॅरिगनचा वारसदार मानतो. त्याला खुद्द कोहनचा आधार आहे, कारण 1908 च्या ‘फिफ्टी माइल्स फ्रॉम बॉस्टन’मध्ये त्याने हॅरिगनच्या गौरवार्थ गाणेच घातले. बोलीची ठसक आणि आयरिश अभिमान हॅरिगनकडून आला, हे मान्यच करावे लागते. तथापि हॅरिगनची गाजलेली नाटके न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत मुरलेली आहेत, तर जॉनी जोन्स लंडनचे हॉटेल, साउदॅम्प्टनचा धक्का आणि सॅन फ्रान्सिस्कोचे चायनाटाउन असा फिरतो. गल्लीच्या नाटकातून ही भ्रमंती निघत नाही. वॉडव्हिलने वेग दिला असेल, पण सुट्या तुकड्यांत धक्क्यावर मागे राहण्याचे दुःख मावत नाही, त्याला प्रवासाची गोष्टच लागते. कापडाचे रूळ कोहनच्या रंगमंचावर उरले नव्हते, तरी ते जिथे फिरत होते तिथेच या प्रवेशाचे कूळ शोधणे अधिक सयुक्तिक आहे.

पुढे 1917 मध्ये त्याच्या ‘ओव्हर देअर’ने अमेरिकी सैनिकांना समुद्रापलीकडे युद्धावर पाठवले आणि पुढे अमेरिकी काँग्रेसने त्याला सुवर्णपदक मंजूर केले, त्या गाण्यातही जहाजाची दिशा पुन्हा युरोपकडे वळली, मात्र आता निघणारा आपल्याच देशाचा म्हणून निघत होता.