नव्या चित्रापुढचा विद्यार्थी : मुंबईच्या कलाशाळेतील एक परंपरा

रूढ वाट सोडणाऱ्या समकालीन चित्रकाराला पहिला खरा गंभीर प्रेक्षक बहुधा कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांमध्येच मिळतो, कारण समीक्षकाला त्या चित्राविषयी मत द्यायचे असते आणि संग्राहकाला ते घ्यायचे की नाही हे ठरवायचे असते, पण विद्यार्थ्याला त्या चित्रापुढे उभे राहून स्वतः पुढे काय काढायचे याचाच निर्णय करायचा असतो. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास गट, प्रदर्शने आणि विक्रीच्या किमती यांच्या आधारे वारंवार सांगितला गेला आहे; विद्यार्थ्यांच्या या प्रतिसादाकडे मात्र त्या मानाने फार कमी लक्ष गेले, आणि ही उणीव गंभीर आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रारंभी असा वैयक्तिक प्रतिसाद अपेक्षितच नव्हता. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील अभ्यासक्रमाच्या धर्तीवर विद्यार्थ्याने ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाशासह त्यांचे हुबेहूब रेखाटन करावे, अशी शिक्षणाची रीत होती, आणि हाताचा नेमकेपणा हीच दृष्टीची कसोटी मानली जाई. शाळेतील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या, तेव्हाही काम नक्कल करण्याचेच होते. तरीही महिनोन्‌महिने त्या भिंतींसमोर बसलेल्या मुलांच्या नजरेत प्लास्टरच्या मूर्तींहून वेगळे काही शिरले नसेल, असे मानणे कठीण आहे. 1890 मध्ये विद्यार्थी म्हणून आलेले आणि पुढे तेथेच अध्यापक झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन 1940 मध्ये प्रसिद्ध केले. या काळाचे आतून केलेले मराठीतील चित्रण म्हणून त्याचे मोल मोठे आहे, आणि ते एका कृतज्ञ शिष्याचे चित्रण आहे.

त्याच सुमारास शाळेबाहेर दुसरी शाळा भरू लागली होती. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेले व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कला दिग्दर्शक होते, रुडॉल्फ फॉन लायडन त्याच वृत्तपत्रात कलासमीक्षा लिहीत, आणि लँगहॅमर यांच्या घरी जमणाऱ्या तरुणांना आधुनिक युरोपीय चित्रांच्या छापील प्रती पाहायला मिळत. गोव्यात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना राजकीय चळवळीतील सहभागामुळे जे. जे.तून काढून टाकण्यात आले होते. त्यांच्या पुढाकाराने 1947 मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन झाला आणि त्यात सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे व शिल्पकार सदानंद बाकरे होते. हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगवले होते, आरांनी मोटारी धुण्याचे काम केले होते. म्हणजे ज्यांच्याकडून नवे काही घ्यायचे ते सारे पदविकेच्या वाटेने आलेले नव्हते. शिवाय ही प्रेरणा केवळ युरोपची नव्हती, कारण 1948 मध्ये दिल्लीत भरलेल्या प्राचीन भारतीय कलेच्या प्रदर्शनाचा सूझा आणि हुसेन या दोघांवरही खोल परिणाम झाला.

अशा वेगळेपणाची किंमत होती. जे. जे.चेच विद्यार्थी असलेल्या अकबर पदमसी यांच्यावर 1954 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतील चित्रांवरून अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले.

प्रतिसादाची खरी घडण मात्र गाजावाजा न होता झाली, आणि तिच्या केंद्रस्थानी शंकर पळशीकर हे जे. जे.तील अध्यापक होते. पुढे संस्थेचे अधिष्ठाता झालेल्या पळशीकरांनी स्वतः व्यक्तिचित्रणावर प्रभुत्व मिळवले होते, तरी विद्यार्थ्याने स्वतःचा शोध घ्यावा यासाठी त्यांनी जागा मोकळी ठेवली. 1948 मध्ये पदविका घेतलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्यावर स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ली यांचा प्रभाव पडला, पण क्लींच्या खुणा उचलून ते थांबले नाहीत. रंगाचे थर देणे, रोलर फिरवणे आणि पुन्हा थर खरवडणे या संथ प्रक्रियेतून ते ज्या चित्रापर्यंत पोहोचले त्यात ओळखू येणारी वस्तू उरत नाही, आणि अशा चित्राला मराठीत अमूर्त म्हटले जाते, जरी गायतोंडे यांना ती संज्ञा पटत नसे. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. जे. जे.त शिकत असतानाच नलिनी मलानी यांनाही तेथे स्टुडिओ मिळाला होता, त्यामुळे रूढीबाहेरचा कलावंत त्या पिढीला पुस्तकातल्या छापील चित्रापुरता दूरचा राहिला नाही, तर तो शेजारच्या खोलीत काम करताना दिसला. या सहवासाने जे शिकवले ते कोणत्याही अभ्यासक्रमात बसणारे नव्हते.

1959 मध्ये पदविका घेतलेल्या प्रभाकर बरवे यांनी या प्रतिसादाला भाषा दिली. विणकर सेवा केंद्राच्या नोकरीमुळे ते वाराणसीत राहिले, तेथे तंत्रमार्गातील प्रतिमांशी त्यांचा परिचय झाला, आणि नंतर घड्याळ, पान, किल्ली अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रावकाशात अनपेक्षित नात्यांनी एकत्र येऊ लागल्या. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठी पुस्तक 1990 मध्ये आले. धुरंधरांच्या आत्मकथनापासून या पुस्तकापर्यंत पन्नास वर्षे आहेत, आणि त्या अवधीत मराठी चित्रकाराचे लेखन संस्थेच्या आठवणींकडून पाहण्याच्या क्रियेच्या चिकित्सेकडे वळले. हे वळण एखाद्या गाजलेल्या प्रदर्शनाइतकेच महत्त्वाचे आहे.

त्यानंतर कलाकृतीचे रूपच बदलले. मलानी यांनी 1992 मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डच्या भिंतींवरच ‘सिटी ऑफ डिझायर्स’ ही रेखाटने केली आणि प्रदर्शन संपल्यावर त्यांवर पांढरा रंग देण्यात आला. मांडणीशिल्प, म्हणजे एखाद्या जागेत वस्तू, प्रकाश व ध्वनी यांची केलेली रचना, हेही बहुधा प्रदर्शनाबरोबरच मोडले जाते. अशा कामाची नक्कल करून ते शिकता येत नाही. छायाचित्रे व चित्रफिती त्याचे रूप टिकवतात, परंतु समोर उभ्या असलेल्या तरुणाला त्यात काय खटकले, काय पटले आणि त्यामुळे त्याने आपल्या कामात काय बदलले, हे त्याने लिहिले तरच उरते. कलाशाळांमध्ये विद्यार्थ्यांची अशी टिपणे व स्केचबुके गुण दिल्यावर रद्दीत जाऊ नयेत; निवडक वह्या विद्यार्थ्यांच्या संमतीने ग्रंथालयात ठेवण्याची व्यवस्था प्रत्येक कलाशाळेने आता करावी.