भोपळा, लाल : गावरान वाण व बियाणे

काकडीच्या कुळातील वेल. वऱ्हाडात याला कोहळे म्हणतात. गुळातली गोड बोंडे याच्याच गराची. मूळ अमेरिका खंडातले. अवाढव्य फळे मॅक्झिमा जातीची : २०२३ मध्ये अमेरिकेत १,२४७ किग्रॅ.चा भोपळा विक्रमी ठरला. अशा फळांची वंशावळ कॅनडातील हॉवर्ड डिल यांच्या ‘अटलांटिक जायंट’ वाणाकडे जाते. वजन डोळे दिपवणारे, चव मात्र बेताचीच. भोपळ्याची दुसरी, मोस्काटा जात देठावरून ओळखावी : तिचा देठ कठीण, पाच कंगोऱ्यांचा व फळाशी पसरट, मॅक्झिमाचा गोल, बुचासारखा मऊ.

वाण शुद्ध राखणे हेच खरे अवघड काम. नर व मादी फुले एकाच वेलीवर, पण वेगवेगळी येतात. मादी फुलाखाली इवलेसे फळ असते. मधमाश्या शेजारच्या वेलीचा पराग आणतात आणि बी बिघडते. म्हणून उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही कळ्या दोऱ्याने बांधतात. पहाटे नर फूल मादीवर घासून मादी फूल पुन्हा बांधतात. पूर्ण पिकलेले फळ काही आठवडे ठेवून बी काढावे, धुऊन सावलीत वाळवावे, राखेत मिसळून मडक्यात ठेवावे.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते.