पायीची वहाण



गेल्या महिन्यात पुतण्याचा मुलगा सकाळी सकाळीच घरी आला. तो राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीची तयारी करतोय. त्यात पाच किलोमीटर धावावं लागतं. चहा पिता पिता म्हणाला, "आबा, बूट घ्यायचेत. एक जोड सतराशेचा आहे, एक सात हजारांचा. सोबतची पोरं म्हणतात महागाचाच घे, आणि पोटरीला ते घट्ट मोजेही घे. बाबा म्हणतात, आम्ही अनवाणीच धावलो, काय बिघडलं? आता तुम्हीच सांगा."

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. बुटांतलं मला काय कळणार! पण "अनवाणीच धावलो, काय बिघडलं" हे वाक्य मनात रुतून बसलं. कारण त्याच्या बापाला अनवाणी पळवणारा मास्तर मीच होतो. आणि काय बिघडलं होतं, तेही मला ठाऊक होतं. ते पुढे सांगतो.

आपल्याकडे अनवाणी पायांचं कौतुक फार. त्याला इतिहासही आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा पाहायला सर दोराबजी टाटा हजर होते. ते जिमखान्याचे अध्यक्ष होते. धावणारी मुलं बहुतेक शेतकरी घरांतली. ना शास्त्रशुद्ध सराव, ना स्पर्धेच्या नियमांची माहिती, ना पायात काही. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. दोराबजींच्या मनात आलं, ही मुलं ऑलिंपिकला का जाऊ नयेत? त्यांनी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचा पाठिंबा मिळवला, पदरचे पैसे घातले, आणि १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला भारताचा लहानसा चमू रवाना झाला.

त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी तिथे मॅरेथॉन धावली. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षाही थोडं जास्त. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचले आणि १९वे आले. पहिला आलेला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्या सुमारे १८ मिनिटं पुढे होता. शंभर वर्षांपूर्वी आपल्या मातीतला माणूस इतका जवळ पोचला होता. ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगायचो आणि शेवटी तात्पर्य काढायचो, "बघा, बूट लागत नाहीत, जिद्द लागते!"

आज वाटतं, तात्पर्य चुकलं. दोराबजींनी मुलांचे अनवाणी पाय पाहिले आणि त्यांना काय कमी पडतंय ते ओळखून खिशात हात घातला. मी मात्र त्याच पायांचं कौतुक करून गप्प बसलो.

आमच्या काळी बूट म्हणजे बाटाचे पांढरे कॅनव्हासचे. शनिवारी कवायतीला ज्यांच्याकडे असत ती मुलं त्यांना खडू घासून आणत. वर्गातल्या साठांपैकी दहा-बाराजणांकडे असत. एका वर्षी तालुक्याच्या स्पर्धेला मुलं न्यायची होती. एक मुलगा फार छान धावायचा, पण त्या दिवशी अडून बसला. "सर, तिकडं खडीचा रस्ता आहे, चप्पल तुटलीय." मी म्हणालो, "पाय तर आहेत ना?" सगळी मुलं हसली. तो धावला. निम्म्या रस्त्यात काच तळव्यात घुसली. जखम चिघळली, दोन महिने शाळा बुडाली, आणि तो पुन्हा कधी धावला नाही. माझा पुतण्या त्याच शर्यतीत अनवाणी धावून तिसरा आला होता. त्याला त्याचं तिसरं येणं आठवतं. मला दुसर्‍याचा पाय आठवतो.

अनवाणी धावणं वाईटच, असं नव्हे. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली. त्याला दिलेले बूट पायाला नीट बसेनात, म्हणून त्याने ते घातलेच नाहीत. त्याला अनवाणी धावायची सवय होती. १९६४ साली टोकियोला तोच बिकिला बूट-मोजे घालून धावला आणि पुन्हा जिंकला, तेही तीन मिनिटं लवकर. दोन्ही वेळा निवड त्याची होती. २०१३ साली बारामतीत साठी ओलांडलेल्या लता करे नवर्‍याच्या उपचारांच्या पैशांसाठी नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. टाळ्या आपण सर्वांनीच वाजवल्या. पण ती निवड नव्हती, नड होती. निवडीचं कौतुक करावं. नडीचं कौतुक करताना जरा थांबावं.

असो. नातवासाठी मी थोडं वाचन केलं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बिल बाउअरमन नावाच्या प्रशिक्षकाने स्वयंपाकघरातल्या वॉफल भाजायच्या साच्यात रबर ओतून नवे तळवे करून पाहिले. तिथून धावायच्या बुटांचा बाजार फुगत गेला. पुढे कंपन्या पायाचा आकार पाहून 'तुम्हाला अमुकच बूट' असं सांगू लागल्या. पण कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग आणि त्यांच्या सहकार्‍यांनी २०१५ साली जुने अभ्यास तपासून मांडलं, की पायाला जो बूट सुखाचा वाटतो, तोच बहुधा इजा टाळायला बरा. म्हणजे किंमत नव्हे, पाय ठरवतो!

आणि ते घट्ट मोजे? ते माझ्याच पायात आहेत. तीस-पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून पोटर्‍यांच्या शिरा फुगल्या. डॉक्टरांनी दाबाचे मोजे दिले. त्यांची गोष्टही मजेशीर आहे. अमेरिकेतले कॉनरॅड जोब्स्ट नावाचे इंजिनिअर अशाच शिरांनी हैराण होते. तलावात पोहायला उभे राहिले की दुखणं कमी व्हायचं. पाण्याचा दाब तळाशी जास्त, वर कमी. तसाच दाब देणारा मोजा त्यांनी १९५० च्या सुमारास तयार केला, घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारा. २००३ साली पॉला रॅडक्लिफ ही गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन धावली आणि ते धावपटूंतही लोकप्रिय झाले.

आपल्या हिंगोलीत पलटण, रिसाला, तोफखाना ही नावं अजून आहेत. निजामाच्या काळात इथे छावणी होती. जुन्या फौजांतले शिपाई पोटरीला पट्ट्या गुंडाळत. इंग्रजांनी तो शब्दही आपल्याकडूनच उचलला. पण पहिल्या महायुद्धात ओल्या खंदकांत घट्ट बांधलेल्या पट्ट्यांनी रक्त अडून पाय खराब होण्याला हातभारच लागला. तेव्हा दाब हवा, पण मापात. या मोज्यांनी वेग वाढतो असं काही ठाम सिद्ध नाही. धावल्यानंतरचं अंग दुखणं थोडं कमी होतं, इतकंच. विशीतल्या पोराने आधी झोप आणि जेवण सांभाळावं.

मग मी नातवाबरोबर संध्याकाळी दुकानात गेलो. संध्याकाळी का, तर दिवसभराने पाय थोडे फुगतात, माप खरं कळतं. त्याला त्याचेच मोजे घालायला लावले, दोन्ही पायांत बूट चढवून दुकानासमोर पळायला लावलं. अंगठ्यापुढे बोटाएवढी जागा आहे का, टाच सुटते का, पाहिलं. सात हजारांचा जोड त्याला करंगळीला चावला. शेवटी बावीसशेचा एक घेतला. मोजे घेतले नाहीत.

परवा सकाळी रामलीला मैदानावर त्याचा सराव पाहायला गेलो. त्याच्या मागे एक मुलगा अनवाणी धावत होता. फेरी संपल्यावर मी त्याला हाक मारली. वाटलं होतं, त्याला हौस असेल. म्हणून आधी विचारलं, "बाळा, बूट नकोत, की नाहीत?"

तो खाली बघत म्हणाला, "नाहीत, सर."

या वेळी मी "पाय तर आहेत ना" म्हणालो नाही. त्याच्या पायाचं माप विचारलं.